कोस्रेला शिकवायला जायचंय? मग वर्षभरासाठी जा

मी कोस्रे बेटावरच्या एका ख्रिस्ती शाळेत वर्षभर व्हॉलंटियर म्हणून शिकवून आले. भाचीचं बीएड यंदा संपतंय आणि गेल्या महिन्यापासून तिचं एकच चाललंय, मावशी मला पण कोस्रेला जायचंय, तू तिथे कुणाशी तरी बोल ना, दोन-तीन महिने शिकवून येते. मी तिला लगेच हो म्हटलं नाही. तिला वाटलं मावशीला आवडलं नाही. तसं नाहीये गं, उलट मला मनापासून वाटतं की तू जावंस, पण दोन-तीन महिन्यांसाठी नको. का नको ते फोनवर नीट सांगता येईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय, बाकी कुणाला जायचं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी कोस्रे कुठे आहे ते सांगते, कारण साताऱ्यात मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना आफ्रिकेत असेल असं वाटलं होतं. प्रशांत महासागरात मायक्रोनेशिया नावाचा देश आहे, याप, चूक, पोन्पे आणि कोस्रे अशी त्याची चार राज्यं, त्यातलं कोस्रे सगळ्यात पूर्वेचं. बेट साधारण ११० चौरस किलोमीटरचं, आणि आपला नुसता सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा आहे म्हणजे बघा. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६,६१६ होती. विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेला. चलन अमेरिकन डॉलर. जायला मुंबईहून मनिला, मनिलाहून ग्वाम, आणि ग्वामवरून ते प्रसिद्ध आयलंड हॉपर विमान, जे चूक, पोन्पे, कोस्रे, क्वाजालीन, माजुरो असं थांबत थांबत होनोलुलूला जातं, आपली एसटी गावोगाव थांबते ना, तसं. ते कोस्रेला आठवड्यातून मोजक्याच वेळा उतरतं. आणि ग्वाम अमेरिकेचं असल्याने तिथून नुसतं पुढे जायचं असलं तरी आपल्या पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे आधी करायला घ्या, बाकी सगळं नंतर.

पावसाचं टेन्शन आपल्याकडच्या माणसाला येणार नाही असं मला जाताना वाटत होतं. महाबळेश्वरला जेवढा पडतो साधारण तेवढाच तिथे पडतो, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास, पण आपला जून ते सप्टेंबर पडून मोकळा होतो आणि तिथला बारा महिने. वह्या फुगतात, खडू ओला होतो, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. कागदावर केलेलं काहीही टिकवायचं असेल तर प्लास्टिकच्या डब्यात ठेवावं लागतं, आणि हे शिकवणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण आधीच्या शिक्षकांनी बनवलेली निम्मी सामग्री मला बुरशीनेच खाल्लेली मिळाली होती.

आता तिथली ख्रिस्ती शाळा म्हणजे काय, तर ती कुठून आली हे सांगितलं पाहिजे, कारण त्या गोष्टीला आपल्या घराचा धागा आहे. आमची आजी अहमदनगरच्या मिशन शाळेत शिकली. ती शाळा अमेरिकन मराठी मिशनची, आणि त्या मिशनला माणसं पाठवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड. त्या बोर्डाची माणसं मुंबईत १८१३ मध्ये आली, नगरला १८३१ मध्ये, मग इकडे सातारा-वाईकडेही. आणि त्याच बोर्डाने १८५२ मध्ये बेंजामिन स्नो आणि त्यांच्या बायकोला कोस्रेला पाठवलं, सोबत हवाईतलं एक जोडपं होतं. मला हे तिथे गेल्यावर कळलं. आजीला अक्षर ओळख करून देणारं आणि त्या बेटावर पहिली शाळा काढणारं मूळ एकच निघालं, तेव्हा मला देवाने नेमकं कुठे आणून ठेवलंय असं वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण स्नो आले तेव्हा बेटाची अवस्था वाईट होती. व्हेलची शिकार करणारी जहाजं तिथे थांबायची आणि त्यांच्याबरोबर असे रोग आले की ज्यांचा त्या लोकांना कधी संबंधच आला नव्हता. काही हजार माणसं होती, ती १८८० च्या सुमारास ३०० च्या आसपास उरली. आज तिथे जे कुणी आहेत ते बहुतेक त्या एवढ्याशा लोकांची लेकरं. नंतर जर्मन आले, मग १९१४ पासून जपानी, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका. जपान्यांनी जपानी भाषेत शाळा चालवल्या, अमेरिकेने इंग्रजीत. हे डोक्यात ठेवून वर्गात उभं राहिलं की बाहेरून आलेल्या माणसाने जरा सांभाळून वागावं हे आपोआप कळतं.

शाळा छोटी. नाव लिहीत नाही. दुसरी-तिसरी एका खोलीत, चौथी-पाचवी दुसऱ्या, सकाळी प्रार्थना आणि बायबलचा पाठ, मग इंग्रजी, गणित, विज्ञान. पगार नाही, राहायला खोली आणि जेवणाखाण्यापुरते पैसे. स्थानिक शिक्षक एवढे कमी का, असा प्रश्न मलाही पडला होता. कारण असं की मायक्रोनेशियाचा अमेरिकेशी १९८६ पासून एक करार आहे, त्यामुळे तिथल्या नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत जाऊन राहता येतं, नोकरी करता येते. चांगलं शिकलेला माणूस ग्वामला, हवाईला नाहीतर थेट अमेरिकेत जातो, कितीतरी जण अमेरिकेच्या सैन्यातही जातात. त्यांना दोष कसा द्यायचा, आपल्या खटाव-माणचे लोक गलाई कामासाठी (सोनं-चांदी गाळायला) अख्ख्या देशभर गेलेच की. पण मागे शाळेत उरतं कोण, तर एक-दोन स्थानिक बायका आणि दरवर्षी बदलणारे आमच्यासारखे व्हॉलंटियर.

आणि हेच पोरांच्या मुळावर येतं. तिसरीतल्या एका मुलीने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, टीचर, तू कधी जाणार? नाव विचारायच्या आधी. तिला पहिलीत एक, दुसरीत दोन असे शिक्षक होऊन गेले होते, एक जण सेमिस्टर अर्ध्यात सोडून गेला होता. प्रत्येकाची अक्षरं शिकवायची पद्धत वेगळी, वाचनाची पुस्तकं वेगळी. पोरगी हुशार, पण वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचं अंदाजाने ठोकायची, कारण कुणीच एका पद्धतीने शेवटपर्यंत शिकवलं नव्हतं.

शिवाय पहिले दोन महिने तर मुलं कशी बोलतात हे कळण्यातच जातात. तिथे हो म्हणायला भुवया वर करतात, बास, तोंडाने काही नाही. आपण विचारतो कळलं का, अख्खा वर्ग गप्प, आणि सगळ्यांनी उत्तर दिलेलं असतं! एकट्या मुलाला उभं करून विचारलं तर तो मान खाली घालतो, येत असलं तरी सांगत नाही, सगळ्यांसमोर आपणच पुढे पुढे करायचं हे त्यांच्यात बरं दिसत नाही. तेच चौघांना मिळून विचारा, झकास उत्तर येतं. आणि गाण्यात तर विचारूच नका. ही मुलं चर्चमध्ये लहानपणापासून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज एकत्र मिसळून गातात, ख्रिसमसला तर गावंच्या गावं रांगेत चालत, पावलं जुळवत गातात आणि त्याची प्रॅक्टिस महिनोन्‌महिने चालते. मी आपल्या बे एके बेच्या चालीत इंग्रजी पाढे म्हणायला लावले तर दोन दिवसांत त्यांनी त्याला स्वतःच खालचा आणि वरचा सूर लावला. सातचा पाढा मी आयुष्यात एवढा सुंदर ऐकलेला नाही. त्या वर्षी तिसरीतल्या सगळ्यांचे पाढे पाठ झाले.

पुस्तकं अमेरिकेतून देणगीत आलेली. त्यात बर्फाचा माणूस, भुयारी रेल्वे, थँक्सगिव्हिंगची टर्की. ज्या मुलाने बेटाबाहेर पाऊल ठेवलं नाही त्याने यातलं काय वाचायचं? इथे माझ्या मदतीला आल्या शाळेतल्या स्थानिक ताई, शिक्षिका म्हणून नेमणूक नव्हती, हेल्पर होत्या, वय चाळिशीचं. मी धडा तयार करायचे, त्या ऐकायच्या आणि सांगायच्या की हे मुलांना नाही कळणार. मग आम्ही दोघींनी मिळून छोटी छोटी पुस्तकं केली, हाताने लिहिलेली. ब्रेडफ्रूटची (कोकणातला नीरफणस), खारफुटीतल्या खेकड्यांची, होडीची, आणि फाफाची, म्हणजे अळूचा कंद कुटून नारळाच्या गोड रसात घालतात तो तिथला मानाचा पदार्थ. एका पानावर कोस्रेयन, समोरच्या पानावर इंग्रजी. कोस्रेयन सगळं त्यांचं. पोरं ती पुस्तकं घरी मागायला लागली. आणि वर्ष संपता संपता मी वर्गात मागे बसायचे आणि ताई पुढे शिकवायच्या. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायच्या, हे मी अगदी खरं सांगतेय, कारण एखादं मूल का अडलं हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, त्याच्या घरी काल काय झालं तेही माहीत असायचं.

मला त्या वेळी सारखे कर्मवीर अण्णा आठवायचे. साताऱ्यात वाढलेल्याला रयत शिक्षण संस्था काही नवीन नाही, १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात आली, हे शाळेत पाठच असतं. पण भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं, याकडे मी आधी कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. गावागावात शाळा काढायची तर खेड्यातल्याच पोराला मास्तर केला पाहिजे. मग रयतच्या खेड्यातल्या व्हॉलंटरी शाळा देवळात भरल्या तरी चालल्या, कारण शिकवणारा आपल्यातलाच होता, तो उठून कुठे जाणार नव्हता. कोस्रेलाही नेमकं हेच हवंय. व्हॉलंटियर त्याच्या मदतीला जावा, त्याच्या जागी नको.

बाकी राहणीमानाचं थोडक्यात. रविवारी सगळं बंद, दुकान नाही, मासेमारी नाही, समुद्रात पोहणं सुद्धा नाही, दिवसभर चर्च आणि घर. ते मनापासून जमणार नसेल तर जाऊ नका, त्या लोकांचा मान राखला गेला पाहिजे. मासे आणि तिथली छोटी संत्री अप्रतिम, पण दुकानात डबाबंद मांस, तांदूळ आणि नूडल्स, मुलं मधल्या सुट्टीत कच्च्या नूडल्सवर मसाला टाकून खातात आणि मोठ्या माणसांत मधुमेह खूप आहे, मला याचं फार वाईट वाटायचं. वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, मी सकाळी ११:३० च्या सुट्टीत फोन केला की इथे आईचा ६ वाजताचा चहा चाललेला असायचा. पहिले काही महिने आईचा रोज तोच प्रश्न, "तुला पोरंच शिकवायची होती तर जावळीत कमी होती व्हय?" तिचं म्हणणं चूक नाही, जावळीतही जावं, मी आता जातेच आहे. पण एकीकडे गेलं म्हणून दुसरीकडचं काम कमी होत नाही.

तर भाचीबाई, जायच्या आधी शाळेला हे विचार. माझ्या वर्गात स्थानिक व्यक्ती कोण असेल? आधीच्या शिक्षकाने मुलांच्या वाचनाच्या नोंदी ठेवल्यात का, त्या मला येण्याआधी पाठवाल का? मी निघताना पुढच्या शिक्षकाशी माझी गाठ पडेल का? पहिल्या प्रश्नाला कुणीच नाही असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघ. आणि वर्ष पूर्ण देता येत नसेल तर सध्या थांब, लग्नाचं बोलणं चाललंय, बाबांचं ऑपरेशन आहे, सगळं मार्गी लाव आणि पुढच्या वर्षी जा, बेट कुठे जात नाही.

ताईंनी आता तिथल्या कॉलेज ऑफ मायक्रोनेशियाच्या कोस्रे कॅम्पसमध्ये शिक्षणाचा कोर्स घेतलाय आणि दुसरी-तिसरीचा वर्ग अधिकृतपणे त्यांच्याकडे आहे. गणितासाठी त्यांना मदतनीस हवाय, ऑगस्टपासून मे पर्यंत. भाचीचं गणित चांगलं आहे. मी त्यांना तिचं नाव कळवलंय, आता अमेरिकेच्या व्हिसाचे कागद गोळा करायला घे आणि त्याआधी तुझ्या आईशी मी बोलते.