थ्रेशोल्डच्या खालचा प्रकाश

थ्रेशोल्डच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या किमान फ्रीक्वेन्सीच्या, खालच्या प्रकाशानेही धातूतून इलेक्ट्रॉन निघतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघणं) शिकवून झाला की दादरच्या आमच्या क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, फ्रीक्वेन्सी थ्रेशोल्डच्या खाली ठेवली आणि प्रकाश प्रचंड वाढवला, तरी एकही इलेक्ट्रॉन निघणार नाही?" बोर्डाच्या पेपरात "नाही" लिहायचं. खरं उत्तर "निघतो" असं आहे, आणि "सिलॅबसमध्ये नाही" म्हणून ते टाळणं मला अजिबात पटत नाही. एवढा नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पुरतं उत्तर मिळायलाच हवं.

टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं छोटं एकक) लागतात. ८०० नॅनोमीटरच्या लेसरच्या एका फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाकडे, असतात १.५५. साध्या दिव्याच्या उजेडात एका इलेक्ट्रॉनला एकाच क्षणी दोन-तीन फोटॉन मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून आइन्स्टाइनचा १९०५चा "एका इलेक्ट्रॉनला एक फोटॉन" हा हिशेब तिथे चोख बसतो. फेम्टोसेकंद लेसरच्या (ज्याचे स्पंद सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात मोजावे लागतात) झोतात मात्र फोटॉनांची इतकी दाटी असते की इलेक्ट्रॉन एकदम तीन गिळतो. झाले ४.६५! अशा वेळी प्रकाश दुप्पट केला की इलेक्ट्रॉन आठपट निघतात. एकाहून जास्त फोटॉन एकत्र शोषले जाऊ शकतात हे भौतिकशास्त्रज्ञ मारिया गेपर्ट-मायर यांनी लेसर जन्मायच्या कितीतरी आधी, १९३१ साली मांडलं होतं.

आता धातूला टोक काढू. टंगस्टनची तार कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून वीज सोडली की ती झिजत जाते आणि काही डझन नॅनोमीटरचं टोक उरतं. आपल्या टॉवरांवरच्या वीजरोधकाच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं, तसं इथे प्रकाशाचं एकवटतं. ते काही पटींनी वाढतं, तेही फक्त टोकाशी, त्यामुळे लेसर कमी ताकदीचा चालतो आणि तार वितळत नाही.

क्षेत्र आणखी वाढलं की फोटॉन मोजण्यात अर्थ राहत नाही. प्रकाशलहरच धातूच्या काठावरची ऊर्जेची भिंत इतकी पातळ करते की इलेक्ट्रॉन ती ओलांडायची ऊर्जा नसतानाही तिच्यातूनच आरपार जातो (याला टनेलिंग म्हणतात), आणि तोही लहर बाहेर ओढत असेल तेवढ्याच क्षणी. या लहरीचं एक पूर्ण आवर्तन २.७ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनला सुटायला मिळतो त्याहूनही कमी वेळ. स्पंदाच्या आत लहरीची शिखरं नेमकी कुठे येतात ते बदललं की बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते, हे जर्मनीत गार्शिंग इथल्या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. मला तरी या सगळ्यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

पुस्तक चुकीचं नाही. त्यातला नियम मंद प्रकाशाचा आहे, आणि एवढं एक वाक्य त्यात छापायला हवं होतं.