पोटजात चालेल

रविवारी ताईचं नाव विवाहमंडळाच्या साईटवर नोंदवायला बसलो. जन्मवेळ, नाडी, गोत्र, पगार, उंची सगळं भराभर झालं आणि 'अपेक्षा' या रकान्यापाशी गाडी अडली. बाबा म्हणाले, "लिही, पोटजात चालेल." चेहरा असा की आत्ताच मोठी समाजसुधारणा उरकली.

आता गंमत बघा, आम्ही कोकणस्थ. आत्याने १९७८ साली देशस्थ मुलाशी लग्न ठरवलं तर आजोबांनी चार महिने अबोला धरला होता, कारण काय तर त्यांच्याकडचं तिखट पोरीला झेपणार नाही (!). तेच काका पुढे घरातले सगळ्यात लाडके जावई झाले आणि आता देशस्थ, कऱ्हाडे सगळे "आपल्यातलेच". कुंपण काही पडलं नाही, दोन हात पुढे सरकलं इतकंच.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला होता, की जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं त्यांनी त्यालाच जोडलं. जोड्या जातीच्या आतच लावायच्या तर जोडीदार गेलेलं माणूस 'जास्तीचं' होतं, मग बाईला जाळा नाहीतर कोपऱ्यात बसवा, आणि पुरुषाला मात्र लहान पोरगी आणून द्या. ते वाचताना मला आमच्या जुन्या फोटोतली, लाल आलवणातली पणजोबांची बहीण आठवली, अकराव्या वर्षी विधवा झालेली.

तर मी म्हटलं, 'जातीची अट नाही' लिहू का? आई म्हणाली, "आमचं काही नाही रे, पण सणवार, खाणंपिणं, मुलीला जड जातं." खाणंपिणं! ताई बंगलोरला दर शनिवारी चिकन बिर्याणी मागवते, आईला चांगलं माहितीये.

बाबा म्हणाले, "मग कुणाचेही फोन येतील."

कुणाचेही म्हणजे कुणाचे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेवटी ताईलाच फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती, हळूच म्हणाली, "तो रकाना रिकामा ठेव ना." ठेवला. तर फॉर्म पुढे जाईचना, त्या रकान्यापुढे लाल फुली होती, कंपल्सरी.