जांबोटीच्या व्हिलासाठी उन्हाळी मेनू: आखणी कुठवर आली

चैत्र संपताना

यंदाचा गट १४ जणांचा. काही पुण्याचे, काही पणजीचे, बाकी आम्ही बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरचे. मुक्काम खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढे, गोव्याला जाणाऱ्या चोर्ला रस्त्यापासून जरा आत, भाड्याच्या व्हिलात. गुरुवारी दुपारी पोचायचं, रविवारी दुपारचं जेवून निघायचं. तारीख मेच्या मध्याची, म्हणजे दुपारचं ऊन आणि संध्याकाळचा वळीव, दोन्ही धरून चालायला हवं.

व्हिलाचं स्वयंपाकघर आधी जाऊन बघून आले. फोटोत ओटा ऐसपैस दिसतो. शेगडी मात्र दोनच बर्नरची आणि फ्रीज एका दाराचा, १९० लिटरचा. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, फ्रीज नाही. त्या भागात वळवाच्या वाऱ्याने फांदी तारेवर पडली की लाइट कधी येईल हे वॉचमन मामासुद्धा सांगत नाहीत. म्हणून पदार्थांच्या आधी दुसरीच यादी केली: काय किती वेळ टिकतं. मेनू त्या यादीतून निघणार, ग्रुपवरच्या फर्माइशींतून नाही. पणजीच्या वहिनींची चीज प्लॅटरची सूचना तिथेच निकालात निघाली. (रुसल्या नाहीत. काजू आणते म्हणाल्या.)

दुसरा नियम गॅसचा. सकाळी अकराला गॅस बंद, तो साडेचारनंतर पुन्हा पेटणार. एका जेवणात शिजवायचा पदार्थ एक, फार तर दीड. बाकी ताट कच्चं, भिजवलेलं, घुसळलेलं किंवा घरून करून नेलेलं. आपल्या भागात हे काही अवघड नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, दही, कच्चा पाला आणि वर हिरवी मिरची, एवढ्यावर इथली अर्धी जेवणं होतात. पुण्याच्या पाहुण्यांना याला ‘सॅलड’ म्हणायचं असेल तर म्हणू देत.

निपाणीचं जोडपं

गटात निपाणीचे एक जैन दादा-वहिनी आहेत. कांदा, लसूण, कंदमुळं नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. इथपर्यंत आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. ते द्विदलही पाळतात, म्हणजे कच्चं दही किंवा ताक आणि डाळ एकत्र चालत नाही. हे कळल्यावर अर्धा उन्हाळी मेनू पुन्हा तपासावा लागला. उडदाचं डांगर गेलं, कारण त्यात भाजलेल्या उडदाचं पीठ आणि दही दोन्ही. दहीभात राहिला, पण फोडणीतली उडीद डाळ काढून. नुसती मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिंग. मठ्ठ्यात आलं घालायचं नाही. काकडी आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी ठेवली आहे, पण त्या ताटात दही-ताक येणार नाही असं जेवण निवडून.

सूर्यास्त त्या दिवसांत सातच्या सुमाराला. दोघांना आधी वाढून बाकीच्यांनी नऊला बसायचं, हा पर्याय मला पसंत नाही. सुट्टीला एकत्र जायचं आणि दोन माणसांनी बाजूला बसून जेवायचं, हे काय बरं दिसतं? म्हणून रोजचं मुख्य जेवण सव्वासहाला, सगळ्यांचं. रात्री नऊला ज्याला भूक लागेल त्याच्यासाठी चिरमुरे, फरसाण, फळं. चिरमुऱ्यांचं गिरमिट करायची जबाबदारी पोरांनी घेतली आहे. पुण्याच्या मामांनी ‘सव्वासहाला कोण जेवतं’ म्हणून आवाज केला. मामींनी त्यांना परस्पर गप्प केलं.

अक्षय तृतीयेनंतर

मधला आठवडा तसा वायाच. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या तयारीत आमची निम्मी मंडळी गल्लीत होती, सामानाची यादी कोण बघणार? पण घरी दोन चाचण्या उरकल्या.

पहिली मडक्यांची. खानापूरच्या लाल मातीची दोन मडकी आणली, एक मोठं, एक त्यात बसेल असं. बाहेरच्या मडक्याला आतून-बाहेरून चकाकी नको, नाहीतर पाणी झिरपत नाही. मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं गोणपाट. वाळूतलं पाणी बाहेरच्या मडक्यातून झिरपून वाफ होतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९०च्या दशकात ही जोडी तिथल्या खेड्यांत भाजी टिकवायला पसरवली. आपल्याकडे माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. आमच्या मागच्या पडवीत बाहेर ३४ अंश असताना आतला थर्मामीटर २६ दाखवत होता. कोथिंबीर, मिरच्या, काकड्या, मेथी टवटवीत राहिल्या. दही, दूध, नारळाचं दूध यांच्यासाठी २६ अंशांचा काही उपयोग नाही, त्यांना ४-५ अंशच लागतात. हवा दमट झाली की मडक्याचा जोर ओसरतो, हेही लक्षात घेतलंय. वळीव पडून गेल्यावर फरक दोन-तीन अंशांवर आला. तरी भाजी मडक्यात गेली की फ्रीजची जागा दही, दूध आणि पन्ह्याच्या पाकाला मोकळी होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

दुसरी चाचणी सोलकढीची. सकाळी करून फ्रीजबाहेर ठेवलेली दुपारी फाटली, वास बदलला. कोकमाचं आगळ मात्र मिठामुळे बाहेरही नीट राहतं. तेव्हा आगळाची बाटली न्यायची आणि कढी जेवायच्या आधी पंधरा मिनिटं करायची. पन्ह्याचंही तसंच: कैरी उकडून गूळ, मीठ, वेलची घालून घट्ट पाक करून न्यायचा, पाणी तिथे घालायचं. पाण्याचे २० लिटरचे ९ जार सांगितले आहेत, पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज ४ लिटरच्या हिशेबाने.

मोड आलेल्या मटकीवरून घरात वाद झाला. सासूबाई म्हणतात कच्चीच चांगली लागते. लागतेच. पण ओलाव्यात आणि उबेत मटकीबरोबर जंतूही वाढतात, आणि १४ माणसांपैकी एकाचं जरी पोट बिघडलं तरी तिथून दवाखाना लांब. पाच मिनिटं वाफवून, गार करून कोशिंबीर. भाताचीही तीच शिस्त. शिजलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३२च्या वर असेल तर एकच तास. दहीभाताचा भात परातीत पसरून गार करायचा आणि लगेच दह्यात घालून फ्रीजमध्ये ढकलायचा. त्याला बेळगाव बासमती वापरणार नाही, तो वास दह्यात बुडवणं म्हणजे येळ्ळूरच्या शेतकऱ्याचा अपमान. दहीभाताला इंटाण तांदूळ, एक किलो पुरे. बासमती शनिवारी, साध्या वरणाबरोबर आणि तुपाबरोबर.

सध्याचा आराखडा

गुरुवारी काही शिजवायचं नाही. घरून दशम्या, तोंडल्याच्या काचऱ्या, शेंगाची चटणी दोन डब्यांत, एक बिनलसणाची. तिथे गेल्यावर फक्त काकडी चिरायची आणि पन्हं ढवळायचं.

शुक्रवारी सकाळी दडपे पोहे. ७०० ग्रॅम पातळ पोहे, दोन नारळ, नारळाचं पाणी, लिंबू, वर फोडणी, आणि वीस मिनिटं झाकून दडपायचे. कांदा वेगळ्या वाडग्यात, ज्याला हवा त्याने घालावा. दुपारी दहीभात. संध्याकाळी कडक भाकरी, भरली वांगी (मी येण्णेगाई म्हणते, माहेर गोकाककडचं) आणि मेथीची पचडी. कोवळी मेथी, काकडी, शेंगदाण्याचं कूट, लिंबू, वरून कच्चं तेल. मेथी लवकर कोमेजते म्हणून तिला पहिल्या दिवसांत जागा. कोबी, दोडका, भोपळी मिरची रविवारपर्यंत थांबतात. दादा-वहिनींची वांगी वेगळ्या कढईत, बिनकांद्याची. शहापूरच्या मावशींना ८० भाकऱ्या सांगून ठेवल्या आहेत. उरल्या तरी बिघडत नाहीत, महिनाभर कुरकुरीत राहतात.

शनिवारी आमरस. पुरी नको, मे महिन्यात दोन बर्नरसमोर १४ जणांच्या पुऱ्या तळायला मी उभी राहणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही करणार नाही. हातशेवया उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, वर रस. शेवया यंदाच्याच, वाळवून झाल्या आहेत. रसाला पायरी, कापून खायला हापूस. आंबे एकाच दिवशी पिकलेले घ्यायचे नाहीत, हे आंबेवाल्याला दोनदा बजावलं. पेटीत एक थर तयार, एक अर्धकच्चा, एक कडक, पेंढ्यात. फ्रीजमध्ये आंबा शिरणार नाही, तिथे जागाच नाही.

शनिवारी रात्री चिकन, नऊनंतर, बाहेर चुलीवर, पुरुषमंडळींचं. त्यात माझं काम एकच: चिकन त्याच दिवशी संध्याकाळी खानापूरहून बर्फाच्या डब्यात आणायचं आणि लगेच शिजवायचं. संकेश्वरी मिरची मी देईन, पुढचं त्यांचं ते बघतील. हाडं-खरकटं बाहेर टाकायचं नाही. भीमगड अभयारण्य जवळ आहे, तिकडे अस्वलं आहेत, माकडं तर दारातच. झाकणाची बादली सामानात घातली आहे.

रविवारी उरलेलं संपवायचं. भाज्या सगळ्या चिरून एक तवाभर परतायच्या, उरलेल्या भाकऱ्यांचा चुरा ताकात. नाचणीच्या आंबिलीचं पीठ आदल्या रात्री भिजवायचं. आंबील दोन पातेल्यांत, एक बिनलसणाची.

बाकी राहिलेलं

भाजी बेळगावात आदल्या दिवशी घ्यायची की जाताना पहाटे, हे ठरायचंय. गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या गाड्या याच चोर्ला रस्त्याने जातात, त्यामुळे पहाटेच्या बाजारात माल ताजा आणि भरपूर असतो, पण सात वाजेपर्यंत चांगलं निवडून गेलेलं असतं. माझं मत पहाटेचं आहे, गाडी चालवणाऱ्याचं नाही. फणसाची कुयरी मिळाली तर शुक्रवारी वांग्याऐवजी तीच, पण घरून चिरून, शिजवून नेईन. चिकाचे हात घेऊन परक्या ओट्यावर कोण बसणार?

बर्फाचा प्रश्नही सुटलेला नाही. दुधाच्या पिशव्यांत पाणी गोठवून थर्माकोलच्या डब्यात न्यायचा विचार आहे, म्हणजे वितळल्यावर पाणी सांडत नाही. हे कोणी तीन दिवस चालवून बघितलं असेल तर कळवा, डबा केवढा घेतला आणि दही कितव्या दिवसापर्यंत गोड राहिलं ते. मी पुढच्या आठवड्यात सामान भरायला घेते.