आल्तिनोचा चढ

पणजीत मिरामारच्या सपाट वाळूवर रोज पाऊण तास चालतो, म्हणून स्वतःला फिट समजत होतो. आज भाच्याबरोबर आल्तिनो टेकडीचा चढ चढलो. दम शाबूत, पण मांड्या लटलटायला लागल्या! भाचा शारीरिक शिक्षण शिकतो. म्हणाला, "मामा, शरीर जे कराल त्यालाच सरावतं. दमसास वेगळा, ताकद वेगळी. आणि रोज तीच वाट, तोच वेग. भार वाढवल्याशिवाय स्नायू कशाला बदलतील?"

(पावसात महिनाभर घरी बसून, जे कमावलं होतं तेही घालवलं, हे त्याला सांगितलं नाही.)

खरी गंमत उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून ठणका २४ ते ७२ तासांत चढतो. परवा जिना उतरायचाय, तिसऱ्या मजल्यावरून. लिफ्ट बंद आहे.