आधी विचारायचं, मग गोळी द्यायची

सांगलीत मारुती रोडला आमचं मेडिकल आहे, पप्पांचं. शाळा सुटली की मी तिथंच बसायची, त्यामुळं औषधांची नावं पाढ्यांसारखी तोंडात बसली होती. बी.फार्म झाल्यावर दोन वर्षं काउंटर मीच सांभाळलं, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळं कॅनडात, ओंटारिओला आले. इथलं फार्मसिस्टचं लायसन्स हातात यायला साडेतीन वर्षं गेली. आता सांगली-मिरजेच्या मुली मेसेज करतात, ताई किती वेळ लागतो, कुठला क्लास लावू, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

पहिला प्रश्न हमखास असतो की अमेरिका का नाही? तर तिथला नियम असा आहे की 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतर डिग्री घेतली असेल तर फार्मसीचा कोर्स किमान 5 वर्षांचा लागतो, आणि आपलं बी.फार्म 4 वर्षांचं. फार्म.डी. ही फार्मसीची मोठी डिग्री 6 वर्षांची असते, ती केलेल्यांना तो रस्ता मोकळा आहे. माझ्यासारख्या साध्या बी.फार्मवाल्यांनी हे आधी बघा, क्लासची फी भरायच्या आधी बघा, कारण माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं पैसे भरले आणि मग तिला हे कळलं.

कॅनडात आधी कागदपत्रं तपासतात. ते काम पीईबीसी नावाचं बोर्ड करतं, परीक्षाही तेच घेतं. युनिव्हर्सिटीकडून मार्कांची ट्रान्सक्रिप्ट आणि आपल्या स्टेट फार्मसी कौन्सिलकडून रजिस्ट्रेशनचं पत्र थेट बोर्डाकडं जावं लागतं, आपण स्वतःच्या हातानं पाठवलेलं चालत नाही. माझं इथंच अडलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मेडिकलमध्ये पाणी शिरलं, आणि माझी फाईल दुकानातल्या खालच्या कपाटात होती. पप्पांनी आधी फ्रिजमधलं इन्सुलिन माडीवर नेलं, मग उधारीच्या वह्या, फाईलपर्यंत हात पोचायच्या आत पाणी पोचलं. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही, इन्सुलिनच आधी न्यायला पाहिजे होतं. पण डुप्लिकेट काढणं आलं, त्यात मार्कलिस्टवर आडनाव आधी मग माझं मग पप्पांचं नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, म्हणजे दोन बायका वेगळ्या वाटाव्यात असा प्रकार. ॲफिडेव्हिट केलं, तरी एका ऑफिसात आमचा कागद दोन महिने तसाच पडून होता, पप्पा एसटीनं तीन वेळा जाऊन आले. तर मुलींनो, लग्नाआधी परदेशाचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्ट तेव्हाच काढून ठेवा आणि नाव बदलायचं का नाही ते शांतपणे ठरवा.

त्यानंतर इव्हॅल्युएटिंग एक्झाम, मग क्वालिफाइंग एक्झामचे दोन भाग, पहिला एमसीक्यूचा आणि दुसरा ऑस्की, म्हणजे पेशंटशी प्रत्यक्ष बोलून दाखवायची परीक्षा. कितीही वेळा बसता येईल असं नाही, प्रयत्न मोजके असतात. शिवाय इंग्रजीची परीक्षा आहे, इथल्या कायद्याची परीक्षा आहे, आणि ओंटारिओत प्रत्यक्ष फार्मसीत काम करताना तुम्हाला पारखतात ते वेगळंच. या सगळ्या काळात मी ब्रॅम्प्टनमधल्या एका फार्मसीत असिस्टंट म्हणून काम केलं, त्याला लायसन्स लागत नाही. इथं गोळ्यांच्या पट्ट्या क्वचितच, मोठ्या डब्यातून गोळ्या ट्रेवर ओतायच्या, छोट्या चपट्या पात्यानं पाच-पाच करून मोजायच्या आणि पेशंटच्या नावाचं लेबल लावलेल्या बाटलीत भरायच्या. पॅरासिटामॉल म्हटलं तर लोक बघत बसतात, इथं त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. डॉक्टरांना अजून फॅक्स करतात. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं, त्याची भीती बाळगू नका.

भीती बाळगायची तर ऑस्कीची बाळगा, आणि तयारीही तिचीच जास्त करा. एका मागोमाग एक स्टेशन असतात, दारावर छोटी माहिती, आत पेशंटचं काम करणारी व्यक्ती, बाजूला परीक्षक, आणि काही मिनिटांत सगळं बोलून व्हायला पाहिजे. मी पहिल्या वेळी त्यात नापास झाले. थिअरीत चांगले मार्क होते आणि यात नापास, दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, तशी सही घेतात, म्हणून प्रॅक्टिसमधलं सांगते. आमचा ग्रुप होता, एक इजिप्तची, एक फिलिपिन्सची, एक अहमदाबादची आणि मी, रात्री मुलं झोपली की व्हिडिओ कॉलवर बसायचो. इजिप्तची मैत्रीण पेशंट झाली, म्हणाली गुडघा दुखतोय, आयबुप्रोफेन द्या. मी कशी घ्यायची, जेवणानंतर घ्या, किती दिवस, सगळं न चुकता सांगितलं. ती म्हणाली, मी रक्त पातळ व्हायची वॉरफरिन घेते, तू विचारलंच नाहीस. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो हे मला कॉलेजपासून माहीत आहे. माहीत असून मी विचारलं नाही, कारण काउंटरवर प्रश्न विचारायची मला सवयच नव्हती. आपल्याकडं माणूस येतो, रिकामी पट्टी पुढं करतो, "ताई, हीच द्या," आपण देतो. मागं चार माणसं उभी असतात. पेशंटनं काही विचारलं तर आपण म्हणतो डॉक्टरांनी सांगितलंय तसं घ्या. आणि चिठ्ठीवरचा डोस जास्त वाटला म्हणून डॉक्टरांना फोन करायचा, हे तर मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. इथं तो फोन केला नाही तर चूक माझी धरतात.

त्या रात्रीनंतर मी पुस्तक बाजूला ठेवलं. दुसरं कुठलं औषध चालू आहे, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, पोटात अल्सर, किडनी, बीपी, दिवस गेलेत का, घरात आधी काय घेऊन बघितलं. हे प्रश्न मी रोज मोठ्यानं बोलायचे, स्वयंपाक करताना सुद्धा, नवऱ्याला विचारून विचारून त्याला पण पाठ झालं. दुसऱ्या वेळी पास झाले.

इथं फार्मसिस्टला मान आहे तो या विचारण्याचा आहे. जानेवारी 2023 पासून ओंटारिओत फार्मसिस्ट 13 किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देऊ शकतात, डोळे येणं, लघवीचं साधं इन्फेक्शन, किडा चावणं असलं, नंतर यादी अजून वाढली. पण लिहून द्यायचं म्हणजे आधी पाच-दहा मिनिटं पेशंटजवळ बसून ऐकायचं.

पप्पांच्या काउंटरवरचं सगळंच इथं निरुपयोगी ठरलं असं मात्र नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पप्पा पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढतात, सकाळची गोळी, रात्रीची गोळी. मागच्या आठवड्यात एक पंजाबी आजी आल्या, लेबल सगळं इंग्रजीत, मुलगा कामावर. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत सगळे प्रश्न विचारले, मग दोन बाटल्यांवर चिकटपट्टी लावून एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र. त्यांनी बाटली उलटसुलट करून बघितली आणि बोटानं सूर्यावर टकटक केलं, सवेरे? मी म्हटलं हो, सवेरे. रात्री पप्पांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "आणि दुपारची असली तर काय काढणार?" मग अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत बसलो.