अंधार होता, कॅल्शियम नव्हतं

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशीची ती चाचणीची प्लेट अजून डोक्यातून जात नाही.

पणजीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांवर काम चालतं. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र कळवणारं संप्रेरक, म्हटलं की सगळ्यांना मेंदूतली पिनियल ग्रंथीच आठवते. डोळ्याचा पडदाही रात्री ते स्वतः बनवतो, हे विज्ञानाच्या मुलांनाही सांगावं लागतं. संध्याकाळी डोळ्यांच्या वाट्या (पुढचा भाग कापून उरलेला, पडदा असलेला मागचा भाग) काढायच्या, पोषक द्रावणात अर्ध्या उजेडात, अर्ध्या अंधारात ठेवायच्या, मग एलायझा, म्हणजे खळग्यांच्या प्लेटमध्ये रंगावरून मेलाटोनिन मोजायची चाचणी. आमच्या एलायझात रंग उलटा चालतो: मेलाटोनिन जास्त, तर पिवळा फिका. अंधारातले खळगे फिके यायला हवे होते. सगळे सारखेच गडद आले.

पहिला संशय अंधारात काम करताना लावायच्या लाल दिव्यावर. कोंबडीला लाल चांगला दिसतो, तरी आमच्याकडे तो बिनधास्त लावतात. पण दोष निघाला वाट्यांच्या द्रावणात. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत घालायचं असतं. फॉस्फेट-बायकार्बोनेटशी घाईने गाठ पडली की पांढरा गाळ बसतो. आमचे सीनियर दादा ते घालायचं बाकी ठेवून, बाटलीवर एक अक्षर न लिहिता चवथीला डिचोलीला गेले होते. हात कुशल, पण लेबल लावायचा कंटाळा. मला फार राग आला.

राग ओसरल्यावर प्लेट पुन्हा पाहिली. अंधारात प्रकाशपेशीची कॅल्शियमची दारं उघडी असतात. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि मेलाटोनिन घडवणारं एएएनएटी हे विकर टिकतं. उजेड पडला की दारं मिटतात, विकर झपाट्याने मोडतं. आमच्या वाट्यांभोवती काळोख होता, पण पेशींपर्यंत रात्र पोचलीच नव्हती.

की ऊतीच आजारी पडल्या? पेशींना एकमेकींना धरून राहायलाही कॅल्शियम लागतं. ही शंका मला झोपू देईना. चवथ उरकल्यावर पुन्हा मांडणी केली: कॅल्शियम पुरेपूर, पण एका गटात निफेडिपिन, रक्तदाबाच्या गोळ्यांतलंच, ही दारं बंद करणारं. ते उजेडात खराब होतं, म्हणून सगळ्या नळ्या फॉइलमध्ये. अंधारातल्या नुसत्या कॅल्शियमचे खळगे फिके आले, निफेडिपिनचे गडद. म्हणजे कॅल्शियम भरपूर असूनही दारं बंद असली की रात्र पोचत नाही.

सर म्हणतात, पहिली प्लेट चूक आहे, प्रबंधात नको. मला ते पटलेलं नाही. तिचा फोटो मी वहीत चिकटवलाय, शेजारी त्या कोऱ्या बाटलीचाही.