दरी आणि सिक्वेन्सर

बर्लिनच्या टँजरीन ड्रीम या वाद्यवृंदाचे संगीत असलेली ‘कॅनियन ड्रीम्स’ ही १९८७ सालची चित्रफीत मी परवा रात्री पुन्हा पाहिली. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनची दृश्ये आणि त्यांवर सिंथेसायझर, एवढाच तिचा ऐवज. कोलोरॅडो नदीने सुमारे ५०-६० लाख वर्षांत कोरलेल्या, ४४६ किलोमीटर लांबीच्या दरीला यंत्राचे सूर शोभतील का, अशी शंका मला पूर्वी होती. मात्र सिक्वेन्सर (ठरवून दिलेले सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारे उपकरण) एकच लहानशी सुरावट न थकता घोळवत राहतो आणि प्रत्येक फेरीत तिचा पोत किंचित पालटतो, तेव्हा एकावर एक चढलेले तांबूस, पिवळसर, राखी थर आपण घाई न करता पाहू लागतो. व्हायोलिनांचा ताफा असता, तर त्याने ‘भव्य, भव्य’ असा कानीकपाळी घोषा लावला असता. तळाच्या सुमारे १७० कोटी वर्षे जुन्या खडकाला ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात, कारण क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने तेथील काही सुळक्यांना हिंदू देवांची नावे दिली होती. माझी प्रत जुन्या टेपवरून उतरवलेली असल्यामुळे कड्यांच्या कडांवरचा लाल रंग आभाळात थोडा ओघळतो, पण त्या सुरांच्या संगतीत तोही खटकत नाही.